मंदाताईचे मिठाचे खड्डे

मंदाताई पहिल्यांदा माझ्या दुकानात आली ती भांडायलाच आली. निदान मला तसं वाटलं. मूर्तिजापुरात स्टेशनच्या रस्त्यावर माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. दुपारी जेवून मी काउंटरवर जरा डोकं टेकलं होतं. डोळे उघडले तर समोर एक बाई उभी. साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला जड पिशवी. आणि ती माझ्याकडे बघतच नव्हती, माझ्या मीटरकडे बघत होती.

"भाऊ, तुमची हिरवी वायर कुठं जाते?"

"जमिनीत जाते. अजून कुठं जाईल?"

"दाखवा."

आता हे काय नवीन, असं पुटपुटत मी उठलो. दोघं मिळून त्या हिरव्या वायरीच्या मागे लागलो. ती मीटरपासून निघाली, काउंटरच्या मागून गेली, मागच्या भिंतीवरच्या पंख्याच्या खोक्यांआड शिरली आणि तिथे संपली. कोणा शहाण्याने तिची गुंडाळी करून, वर चिकटपट्टी मारून ती भिंतीच्या फटीत कोंबून ठेवली होती. वीस वर्षं लोकांना वायर विकणाऱ्या माणसाच्या दुकानाला अर्थिंग नव्हतं.

माझा स्वभाव तापट. चूक माझी असली की जास्तच तापट. मी म्हटलं, "बाई, तुम्ही सामान घ्यायला आल्या का माझी तपासणी करायला?"

"सामानच पाहिजे," ती शांतपणे म्हणाली. "पण ज्याच्या दुकानाले जमीन नाई, त्याच्यापासून अर्थिंगची पाटी घ्याव का नाई, हे त पाहा लागन ना."

त्याच आठवड्यात तिने माझ्या दुकानामागे खड्डा खणवला. तिथून पुढे ती माझी गिऱ्हाईक झाली आणि मी तिचा ऐकणारा. तिचं सगळं चरित्र मला ठाऊक नाही. अमरावतीच्या आयटीआयमध्ये वायरमनचं शिकली, लग्न होऊन इकडे आली, नवरा लवकर गेला, एक मुलगी, ती अमरावतीलाच दिलेली. एवढं तिनेच कधीतरी तुकड्या-तुकड्याने सांगितलं. जास्त विचारलं की ती पिशवीत पक्कड शोधायला लागायची.

गावोगाव तिला अर्थिंगवाली बाई म्हणत. बाकीचे वायरमन घरात शिरले की पंखा कुठे, टीव्हीचा पॉइंट कुठे, हे विचारतात. ही आधी अंगणात जायची आणि जमीन बघायची. "लाल वायरले सारे पुसतात, हिरवीले कोणी पुसत नाई," असं म्हणायची. माझ्या पुतण्याच्या लग्नात तिला बोलावलं, तर बाई ताटावर बसेना. जनरेटरच्या लोखंडी सांगाड्याला जमीन दिलेली नव्हती. मांडववाल्याला शोधून, त्याच्याकडून बाहेर एक सळई ठोकून घेतली, तिला वायर बांधली, तिच्यावर पाण्याचा जग ओतला, मग हात धुऊन जेवायला बसली. आमच्या व्याह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ह्या तुमच्या कोण? मी म्हटलं, आमच्या मोठ्या बहीण आहेत. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होती, पण तिच्यापुढे मला कायम धाकटं वाटायचं, त्याला काय करणार.

अर्थिंगच्या खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं. आमची काळी माती उन्हाळ्यात फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि खाली पुरलेल्या लोखंडापासून माती सुटते. माती सुटली की अर्थिंग सुटलं. नेमकं त्याच दिवसांत विजा कडाडतात. म्हणून मंदाताई चैत्रापासून सगळ्यांना विचारत फिरायची, "खड्ड्याले पाणी पाजलं का?" गाईला विचारावं तसं. अकोल्याला माझे साडू राहतात, त्यांच्या घराचं काम मी तिला दिलं होतं. साडू बँकेतून रिटायर झालेले, जिभेला धार. ते म्हणाले, "बाई, आमच्याकडे नळ पाच-सहा दिवसांनी येतो. आम्ही प्यायचं पाणी मोजून पितो, आणि तुम्ही म्हणता खड्ड्यात ओता?" मंदाताईने वाद घातला नाही. घराला एक चक्कर मारली, भांडी घासायच्या मोरीचा पाइप थोडा वळवला आणि तो खड्ड्यावर आणून सोडला. "आता तुमी भांडे घासत जा, ते पाणी पीत जाईन," म्हणाली. साडू अजूनही पाहुण्यांना तो पाइप दाखवतात.

अशी ती. आता जे सांगायचं आहे ते सांगतो. टाळत होतो, कारण त्यात मीही आहे.

आमच्या मूर्तिजापूर-दर्यापूरकडचा पट्टा खारपाणाचा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, हापशीचे पाइप काही वर्षांत गळून पडतात, जमिनीतच मीठ आहे. आणि अर्थिंगच्या खड्ड्याची जुनी रीत अशी, की आठ फूट खाली लोखंडी पाटी उभी पुरायची आणि तिच्याभोवती एक थर कोळशाचा, एक थर मिठाचा, असं वरपर्यंत भरत यायचं. मिठाने ओल धरते, वीज लवकर जिरते. अमरावतीकडच्या मुरमाड जमिनीत ते बरोबर आहे. मंदाताई तिथे शिकली, मास्तरांनी सांगितलं ते तिने देवाचं वाक्य मानलं, आणि आमच्याकडे येऊन मिठाच्या जमिनीत मीठ भरत राहिली. मी काय केलं? मी पाटी, पट्टी, कोळसा आणि मिठाचं पोतं एकत्र बांधून त्याचा सेटच करून ठेवला. कोणी अर्थिंगचं विचारलं की मी सेट पुढे सरकवायचो. ही अक्कल माझी.

दर्यापूरच्या रस्त्याला एक खेडं आहे. तिथल्या गजाननच्या घरी तिने ही गोष्ट घडायच्या सात-आठ वर्षं आधी असा खड्डा केला होता. घरात तिघं. गजानन, त्याची आई अनसूयाबाई आणि बायको सविता. सविता शिवणकाम करायची, आसपासच्या चार गावांतले ब्लाउज तिच्याकडे यायचे. गजाननने नवीन फ्रिज आणि टीव्ही घेतला तेव्हा मंदाताईनेच मीटरजवळ सर्जचा डबा बसवून दिला होता. तारेवर वीज पडली आणि जोराचा झटका घराकडे आला, की हा डबा तो झटका हिरव्या वायरीत ढकलतो आणि हिरवी वायर तो जमिनीत नेऊन सोडते. सोपं काम आहे.

त्या वर्षी मे सरता सरता एका दुपारी ढग आले आणि त्या खेड्याबाहेरच्या विजेच्या तारेवर वीज पडली. सविता फरशी पुसून उठली होती, ओल्या पायांनी फ्रिजमधून पाण्याची बाटली काढत होती. तिचा उजवा हात फ्रिजच्या दांड्यावर होता. ती फेकली गेली ती समोरच्या भिंतीपर्यंत. अकोल्याच्या दवाखान्यात तीन दिवस होती. जीव वाचला. पण उजव्या हाताची बोटं बधिर झाली ती झालीच.

आणि फ्रिज चालू, टीव्ही चालू. शेजारच्या दोन घरांतले टीव्ही जळाले, ह्यांच्या घरातलं काहीच नाही. सविता घरी आल्यावर गजाननचा मला फोन आला, "भाऊ, मंदाताईले घेऊन या. त्यायच्या डब्यानं आमचं घर वाचलं. मायले त्यायची ओटी भराची आहे."

मी तिला माझ्या स्कूटरवर घेऊन गेलो. वाटभर ती एकच विचारत होती, डबा होता त पोरीले झटका लागला कसा? विधवेची ओटी भरू नये ही रीत बाजूला ठेवून अनसूयाबाईने पाटावर बसवून तिची ओटी भरली, खण, नारळ, वर एक नवी साडी. सविता कोपऱ्यात बसली होती, उजवा हात मांडीवर उलटा ठेवून. मंदाताई ओटीत नारळ घेऊन उठली आणि म्हणाली, "गजानन, मले खड्डा पाह्याचा आहे. फावडं आण."

गजाननने आणि मी खणलं. ऊन उतरायला लागलं तेव्हा तीन फुटांवर पाटीपासून वर येणारी पट्टी लागली. वरून छान दिसत होती, जाड, गंजाने तांबूस. मंदाताईने ती हातात धरून वर ओढली. आठ फूट खोल पाटीला जखडलेली पट्टी ती, बाईमाणसाच्या हाताने हलायलाही नको. ती सहज वर आली. खालचं टोक कुरतडलेलं, आणि त्याच्या पलीकडे काहीच नाही. आणखी खणलं तर पाटीच्या जागी तांबडा भुगा निघाला. जमिनीतल्या आणि आपण घातलेल्या मिठाने मिळून सगळं लोखंड खाल्लं होतं.

गजाननला वाटलं, वीज पडून जळालं असेल. "वा, किती जोर होता पाहा," असं म्हणून तो चहा सांगायला आत गेला. मंदाताई खड्ड्याच्या काठावर बसली होती. तिने मला जे सांगितलं ते मला आधी कळलं नाही, मग तिने पट्टी दाखवून पुन्हा सांगितलं. डब्याने आपलं काम केलं होतं. झटका हिरव्या वायरीत ढकलला. पण हिरव्या वायरीला जमीन नव्हती. मग तो जोर त्या वायरीला जोडलेल्या प्रत्येक वस्तूच्या पत्र्यावर गेला. यंत्रांच्या आत-बाहेर विजेचा जोर एकदम सारखाच चढला म्हणून ती वाचली. जमिनीवर उभी होती ती एकटी सविता.

"डबा नसता, त फ्रिज जळाला असता अन् पोरगी वाचली असती," ती म्हणाली. मग म्हणाली, "भाऊ, मी मीठ टाकून राहिली होती, तवा ह्या पोरीनं म्हटलं होतं. नवीन लग्न होऊन आली होती. म्हणे, ताई, आमच्या इकडं त जमिनीतच मीठ आहे, अजून काहून टाकता? मी तिले म्हटलं, तू सैपाक पाह्य, माहं काम मले करू दे."

मी काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "मंदाताई, हे कोणाला बोलू नका. त्यांना काही माहीत नाही. आपण नवीन खड्डा करून देऊ, मिठाशिवाय, तांब्याच्या सळईचा. झालं गेलं." मला माझ्या दुकानाची भीती वाटली. ह्या पट्ट्यात असे किती सेट मी विकले होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि उठून साडीची माती झटकली. मला वाटलं, पटलं.

दोन दिवसांनी ती तांब्याच्या दोन सळया आणि बेंटोनाइटची पोती, म्हणजे ती चिकण मातीसारखी पावडर, घेऊन गेली आणि गजाननच्या घरचं काम करून आली. संध्याकाळी दुकानात आली तेव्हा चेहरा काळवंडला होता.

"ते लोक सविताले गोठ्यात बसवून राहिले, भाऊ."

मला कळेना. मग तिने सांगितलं. सविता पायाळू आहे. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले. आमच्याकडे पक्की समजूत आहे की पायाळूवर वीज पडते, वीज त्याला शोधत येते. लग्नाच्या वेळी कोणी मनावर घेतलं नव्हतं. पण आता अख्ख्या गावाने ठरवलं, की वीज हिच्यासाठीच आली होती, नाहीतर इतक्या घरांत हिलाच काहून लागली? त्यामुळे आभाळात नुसतं गुरगुरलं, की अनसूयाबाई सविताला घराबाहेर काढायची. घर वाचायला पाहिजे ना. सविता उठायची आणि मागच्या गोठ्यात जाऊन बसायची. गोठा टिनाचा, त्याला लागून भला मोठा निंब. वीज पडायला त्या आवारात त्याच्याहून चांगली जागा नव्हती.

"अन् ते पोरगी जाते चुपचाप," मंदाताई म्हणाली. "तिलेच वाटते का आपल्यापायीच झालं. मी म्हटलं, तू काहून जाते वं? त म्हणे, ताई, माह्या पायी घरातले काहून मराव?"

तेव्हा मी पहिल्यांदा तिला रडताना पाहिलं. रडणं म्हणजे काय, शर्टाच्या बाहीने एकदा डोळे पुसले आणि पिशवी उचलली. "मी उद्या सांगून येते," म्हणाली. मी अडवलं नाही. अडवायला तोंड कुठे होतं.

दुसऱ्या दिवशी ती कुरतडलेल्या पट्टीचं टोक पिशवीत घालून गेली आणि मीही गेलो, दुकान बंद करून. तिने अनसूयाबाईसमोर ती पट्टी ठेवली आणि सगळं सांगितलं. मीठ कसं घातलं, लोखंड कसं खाल्लं, झटका कुठून कसा आला. फिरवून नाही, आडपडदा नाही. शेवटी म्हणाली, "माय, हे वीज सवितापायी नाई आली. माह्या हातच्या चुकीनं तिच्यापर्यंत पोचली. तिच्या हाताची गुन्हेगार मी आहे."

मीही म्हटलं, "आणि मीठ मी दिलं."

सविता दारात उभी होती. तिने पट्टीकडे बघितलं, मग मंदाताईकडे. "मी तवा म्हटलं होतं," एवढंच म्हणाली. राग होता का, मला सांगता येणार नाही. असला तरी तो तिचा हक्कच होता.

पण अनसूयाबाई हसली. मंदाताईच्या गालावरून हात फिरवून तिने स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "पाहा बापा, किती मोठं मन. पोरीचं नाव खराब होऊ नये म्हणून बाई आपल्या अंगावर घेऊन राहिली." गजाननही मान डोलवायला लागला. मंदाताईने पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. जितकं सांगावं तितकी ती त्यांच्या नजरेत थोर होत गेली. आम्हाला चहा पाजून, वर हरभऱ्याची डाळ बांधून देऊन वाटेला लावलं. गोठ्याचं काय, तर "आता जे आहे ते आहे, माय," असं म्हणाली म्हातारी.

मृग जवळ आला होता. मंदाताईने मग बाकीची घरं धरली. तिने ह्या पट्ट्यात एकोणचाळीस घरी मिठाचे खड्डे केले होते, सगळी तिला तोंडपाठ होती. एकेका दारात जाऊन ती म्हणायची, "तुमचं अर्थिंग मी चुकीचं केलं. खणून पाहा लागते. तवरोक हे डबा मी बंद करून ठेवते." कोणी तिला आत घेतलं. एकाने खड्ड्यावर नवी टाइल घातली होती, तो म्हणाला, फुटली तर याद राखा. तिने टाइल न फोडता बाजूने खणलं. एका मास्तरने चार लोकांसमोर तिला वाटेल ते बोलून घेतलं. ती ऐकून घ्यायची आणि मग विचारायची, "मंग खणू का?" तीन घरी तर दारच उघडलं नाही. तिने त्या घरांच्या मीटरखाली बसून खिडकीतून ओरडून सांगितलं, की ढग आले का फ्रिजले, मोटरले हात लावू नका. मी सळया पुरवत होतो. दुकानातले मिठाचे सेट सोडवून मिठाची पोती मी गुराढोरांवाल्यांना वाटून टाकली. खणलेल्यांपैकी बऱ्याच घरी लोखंड अजून शाबूत निघालं, काही घरी अर्धं गेलेलं, सहा घरी गजाननच्या घरासारखं साफ. प्रत्येक भुगा बघितला की ती म्हणायची, इथंबी कोणी सवितासारखं सापडलं असतं.

लोक तिला कामाला बोलवेनासे झाले. तिची चूक दुसऱ्या कोणी सांगितली नव्हती, तिनेच दारोदार सांगितली होती.

ज्या दिवशी शेवटचं घर झालं त्या दिवशी दुपारी चारला मला तिचा फोन आला. "भाऊ, आभाळ भरून आलं. गजाननच्या घरी चला." मी म्हटलं, तिथलं अर्थिंग तर चांगलं झालंय. "चला म्हटलं ना," म्हणाली. पोचलो तेव्हा दर्यापूरकडे काळंभोर झालं होतं आणि वारा सुटला होता. सविता पाटावरून उठून, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन मागच्या दाराकडे निघाली होती. रोजचं काम असावं तशी निघाली होती ती.

मंदाताई तिच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिली. मग खाली बसली, भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून. आणि अनसूयाबाईला म्हणाली, "माय, मले पाणी द्या. आज पाऊस थांबेपर्यंत मी इथंच बसते. मीबी पायाळू आहे."

मी तर बघतच राहिलो.

"तुमी?" अनसूयाबाई म्हणाली. "पायाळू अन् विजेचं काम?"

"तीस वर्षं झाले. खांबावर चढली, खड्ड्यात उतरली. मले कधी काई झालं नाई. आता मले बाहेर काढाचं असन त सांगा, मी जाते. सविता अन् मी, दोघी जातो."

ओटी भरलेल्या बाईला, पाहुणीला, भर वादळात गोठ्यात कोण पाठवेल? म्हातारीला काय करावं सुचेना. बाहेर पहिली वीज कडाडली, टिनं हादरली. सविता खोळ हातात धरून तशीच उभी. मंदाताईने तिला मनगटाला धरून खाली बसवलं आणि तिचा बधिर हात आपल्या मांडीवर घेतला.

थोड्या वेळाने अनसूयाबाई पुढे सरकली. आमच्याकडे आणखी एक समजूत आहे. कमरेत उसण भरली, की पायाळूचा पाय कमरेला लावतात, त्याने ती उतरते. म्हातारीची कंबर धरलेली होती, वाकूनच चालायची. ती मंदाताईसमोर पाठमोरी बसली आणि म्हणाली, "मंग माह्या कमरेले पाय लावा."

मंदाताईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. म्हाताऱ्या बाईच्या पाठीला पाय लावायचा. तिने बूट काढला, मोजा काढला, पदराने पाय पुसला आणि टाच म्हातारीच्या कमरेवर ठेवली. हळूच दाबली. बाहेर विजांवर विजा पडत होत्या. मीटरजवळचा डबा शांत होता.

"हलकं वाटलं व माय," अनसूयाबाई म्हणाली. मग मान वळवून म्हणाली, "सविता, ये. तूबी लाव."

पाऊस थांबेपर्यंत सविता घरातच होती. आणि त्यानंतरही, त्या पावसाळ्यात तिला कोणी गोठ्यात पाठवलं नाही, हे गजाननने मला स्वतः सांगितलं. अनसूयाबाई मागच्या वर्षी गेली आणि मंदाताईही ह्या हिवाळ्यात अमरावतीला मुलीकडे आजारपणात वारली, म्हणून आता हे लिहायला हरकत नाही. त्यानंतर ती मला कितीतरी वेळा भेटली, पण डोळ्यांसमोर येते ती त्या संध्याकाळची.

परत येताना रस्त्यावर चिखल होता, स्कूटर जपून चालवावी लागत होती. मी खूश होतो, खोटं कशाला सांगू. मी मागे वळून म्हटलं, "काय हो, तुम्ही खरंच पायाळू?"

"नाई."

मी हसलो. "जिंकल्या बुवा तुम्ही. चाळीस घरी खरं बोलून जे झालं नाही ते एका खोट्यानं झालं."

"उतरवा मले," ती म्हणाली. मला वाटलं मस्करी करते. तिने माझ्या खांद्यावर जोरात थाप मारली, तेव्हा मी स्कूटर थांबवली. ती उतरली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय जिंकली मी? त्या पोरीच्या बोटाले सुई टोचली त तिले समजत नाई. तिची मशीन बंद पडून आहे. अन् ते म्हातारी आजबी म्हणते, का वीज पायाळूच्या मागं येते, फक्त आता दोघी आहो म्हणून वाटून जाते. मी माहं खरं तिच्या गळी उतरवू शकली नाई, भाऊ. मी त्या घरात फक्त अजून एक पायाळू वाढवली."

तिने पिशवी खांद्यावर नीट केली, "मी जाईन पायी," म्हणाली आणि मूर्तिजापूरच्या दिशेने चालायला लागली. गाव तिथून तीन किलोमीटर होतं. मी थोडं अंतर ठेवून, पहिल्या गिअरमध्ये, दिवा लावून तिच्या मागे मागे गेलो. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.